येऊरच्या ओल्या कातळावरची कीटकभक्षी फुलं

पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाणाऱ्यांची धाव ओढ्याकडे असते. आम्ही ऑगस्टअखेरीस गेलो ते फक्त शेवाळलेले कातळ बघायला, आणि अख्खी सकाळ एकाच कातळापाशी गेली.

ठाणे स्टेशनहून उपवनपर्यंत बस, पुढे रिक्षा. वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची आणि आत कुठवर सोडतात ते तिथेच विचारून घ्यायचं. शनिवार-रविवारी उपवनापासूनच गाड्या तुंबतात, तेव्हा मधला वार बघा.

वाटेच्या कडेला, सावलीत, वरून सतत पाणी झिरपणारा उभा कातळ शोधा. शेवाळातून जेमतेम दोन-तीन इंचांच्या बारीक दांड्या वर आलेल्या असतात. त्यांवर पांढरट-जांभळी फुलं, गळ्याशी पिवळा ठिपका. हीच युट्रिक्युलारिया स्ट्रायट्युला, किडे खाणारी इवलीशी वनस्पती. पावसाचा थेंब फुलावर आदळला की दांडी पार शेवाळाला टेकायची आणि पुन्हा ताठ व्हायची. ते बघताना वेळ कसा गेला कळलं नाही.

खरी करामत मात्र शेवाळाखाली आहे. या वनस्पतीला मुळं नाहीतच. त्याऐवजी शेवाळात पसरलेले बारीक धागे असतात आणि त्यांवर मोहरीच्या दाण्याहूनही लहान फुगे. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून दबा धरून बसतो. दाराशी एखादा सूक्ष्म जीव केसांना लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं संपलेलं असतं. उघड्या कातळावर नत्र मिळणार कुठून? ते असं मिळवावं लागतं. सुपीक मातीत ही शोधू नका, तिथे मोठी झाडं हिला जागाच देत नाहीत.

हिचीच थंड हवेतली भावकी म्हणजे पिंग्विक्युला अल्पिना. ती चिकट पानांवर किडे धरते, पण ती बघायची तर हिमालय गाठावा लागतो.

जाताना दहापट मोठं दाखवणारं भिंग न्याच. त्याशिवाय फुगे दिसणार नाहीत. पाण्याने कडेचं शेवाळ सुटलेलं असतं, तिथे धागे आपोआप उघडे पडतात. कृपा करून रोप उपटू नका, शेवाळ खरवडू नका. पकड घेणारे बूट हवेत, डासांसाठी पूर्ण बाह्या हव्यात. हे बिबट्याचं जंगल आहे, एकट्याने जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा. पाऊस थांबून कातळ सुकले की फुलंही जातात, त्यामुळे सप्टेंबरच्या पुढे बेत ढकलू नका.