चकाकणारा पत्रा आणि माझं चुकलेलं गणित

लीड या हरित इमारतींच्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत छपराच्या परावर्तनाचा हिशेब उष्णता-बेट (बांधकामामुळे आजूबाजूपेक्षा जास्त तापणारी जागा) कमी करण्याच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे गुण देणाऱ्या निकषात, येतो. मला वाटलं होतं, अर्ध्या दिवसाचं काम. सूत्र एका ओळीत मावतं: परावर्तक छपराचं क्षेत्रफळ भागिले ०.७५, अधिक जमिनीवरच्या उपायांचं क्षेत्रफळ भागिले ०.५, आणि ही बेरीज एकूण छप्पर अधिक एकूण फरसबंदी यांपेक्षा कमी नको. हिरवं छप्पर असेल तर तेही ०.७५ नेच भागायचं, पण आमच्याकडे ते नव्हतं.

यंत्रं आणि सोलर पॅनेलखालची जागा वजा केल्यावर छप्पर उरलं २,००० चौरस मीटर. त्यात १,७०० ची सपाट गच्ची आणि ३०० ची पत्र्याची शेड. फरसबंदी १,०००. म्हणजे गाठायचा आकडा ३,०००. जमिनीवर सावलीतली आणि जाळीदार फरशीची जागा मिळून ३०० होती, तिचे झाले ६००. सगळं छप्पर धरलं तर २,६६७. बेरीज ३,२६७. फाइल बंद करून मी चहाला गेलो.

शेडचा पत्रा कोरा, गॅल्व्हनाइज्ड. डोळे दिपतील असा चकचकीत, त्यामुळे तो नापास होईल असं मनातही आलं नव्हतं. परावर्तन ०.६१, तरी एसआरआय, म्हणजे सौर परावर्तन निर्देशांक, फक्त ४६. कारण उत्सर्जन ०.०४: जी उष्णता पत्र्याने एकदा घेतली, ती तो किरणांवाटे जवळजवळ सोडतच नाही. दुपारी त्यावर हात टेकवून पाहिला असता तर गणिताची गरजच पडली नसती. एसआरआयमध्ये परावर्तन आणि उत्सर्जन दोन्ही येतात. काळा नमुना ०, पांढरा १००, आणि चांगला पांढरा लेप शंभराच्या वरही जातो.

तरी ४६ मला पुरेसे वाटले, कारण तीव्र उताराच्या छपराला सुरुवातीचा एसआरआय ३९ चालतो. शेड उतरती, म्हणून मी ती त्याच रकान्यात टाकली. तपासणाऱ्या सीनियरने एवढंच विचारलं, "उतार किती?" मोजला तर जेमतेम ६ अंश. तीव्र उतार १२ ला २ (आडवं १२, तर उभं २) च्या पुढे, म्हणजे साधारण साडेनऊ अंशांनंतर सुरू होतो. आमची शेड कमी उताराची निघाली आणि तिला हवेत ८२!

शेड गळाली. १,७०० चे २,२६७, अधिक ६००, म्हणजे २,८६७. १३३ कमी.

गच्चीच्या लेपाची डेटाशीटही पुन्हा काढली. मी त्यातला नव्या लेपाचा एसआरआय लिहिला होता. पण तीन वर्षांनंतरचा आकडा उपलब्ध असेल तर तोच धरायचा असतो, आणि त्याची अट ६४ ची. सुदैवाने तो ७९ होता, नाहीतर गच्चीही गेली असती.

कमी पडलेल्या १३३ साठी शेडचा १०० चौरस मीटर भाग रंगवला तरी भागत होतं, आणि मी तसं सुचवलंही. साइट इंजिनिअर हसला. "एक तृतीयांश पत्रा पांढरा आणि बाकीचा तसाच? दिसेल कसं ते?" पूर्ण ३०० वर गच्चीचाच लेप मारला, आणि बेरीज परत ३,२६७ वर आली. तोच आकडा, पण आता खरा.

समीक्षकांकडून एकच शंका आली: शेडचा उतार दाखवणारा छेद जोडा. तो तिसऱ्या पानावर आधीच होता, अंशांसकट.