हाक मारून उपयोग नव्हता

डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईची मैत्रीण फोनवर म्हणते, "पाचला निघू, निवांत शूट करू," तेव्हा मला हसू येतं. पाचला निघालं तर इथं फक्त अंधार हाती लागतो. नागपूर मुंबईपेक्षा जवळपास सहा अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं धरा, वीस-पंचवीस मिनिटं तिथंच गेली. घड्याळ मात्र दोघींचं एकच. मी लहान मुलांचे फोटो काढते, म्हणून हिवाळ्यात मी पालकांना चारला बोलावते. आमच्याकडची मंडळी साडेचारला येतात, मग एक तासभर सोन्यासारखा उजेड मिळतो.

त्या दिवशी मंडळी पाचला आली. हिवाळी अधिवेशन चालू, त्यात कुठलासा मोर्चा, विधानभवनाच्या अंगानं जाणारे रस्ते बंद. कामठीकडून निघालेली गाडी शहराला वळसा घालून प्रतापनगरकडच्या बागेत पोचेपर्यंत आई-बाबांचे चेहरे उतरलेले. मागच्या सीटवर आजी. आणि चार वर्षांचा नातू. त्याला घरात सगळे राजा म्हणतात, मीही तेच म्हणते.

राजा गाडीतून उतरला तो थेट घसरगुंडीकडे. आई त्याच्यामागं धावली, शिडीपाशी त्याला गाठलं आणि त्याच्या उजव्या कानामागची गोल चकती टक् करून काढली. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्याला ऐकू यावं म्हणून बसवलेलं मशीन. आतला भाग ऑपरेशन करून बसवलेला, आवाज टिपणारा बाहेरचा प्रोसेसर कानावर, आणि डोक्याला लोहचुंबकानं चिकटणारी ती चकती. आईनं दोन्ही एका छोट्या डब्बीत ठेवलं, डब्बी पर्समध्ये, पर्सची चेन बंद. तोवर राजा वर पोचला होता.

"घसरगुंडीवर काढूनच ठेवतो ताई," ती म्हणाली. "प्लास्टिकवर घासलं की करंट तयार होतो ना."

तिला स्थिर विद्युत म्हणायचं होतं. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर पोरगं घासत खाली येतं आणि अंगावर भार साठतो. तो प्रोसेसरमध्ये उतरला तर त्यातली सेटिंग बिघडू शकते, म्हणून अशा खेळण्यांवर बाहेरचं मशीन काढून ठेवायला सांगतात. नव्या मशीनींना त्याचा धोका कमी असतो म्हणे, पण एवढ्या महागाच्या वस्तूची परीक्षा कोण घेणार? लोखंडी घसरगुंडीवर ही भानगड नसते. पण मे महिन्यात आमच्याकडच्या लोखंडी घसरगुंडीवर चड्डी घालून बसून दाखवावं कोणी! बागांमधून प्लास्टिक आलं, त्याबद्दल माझी तरी तक्रार नाही.

म्हणजे आता राजाला काहीही ऐकू येत नव्हतं.

लहान पोरांच्या फोटोत सगळे कुटुंबीय एकच काम करतात. फोटोग्राफरच्या मागं उभे राहतात आणि ओरडतात, "इकडे बघ, इकडे बघ, हस ना!" कोणी खुळखुळा वाजवतं, कोणी कुत्र्यासारखं भुंकतं. पोरगं खेळ सोडून बघतं, तोंड वाकडं करून दात दाखवतं, आणि जो फोटो निघतो तो आधार कार्डाच्या वरचा आणि लग्नाच्या अल्बमच्या खालचा. मला ते कधीच आवडलेलं नाही. पण पैसे देणाऱ्यांना गप्प कसं करायचं? त्या दिवशी ते न सांगता झालं. बाबांनी सवयीनं एकदा हाक मारली आणि स्वतःच ओशाळून हसले.

"मशीन लावलं तरी फार फरक नाही पडत," आई म्हणाली. "एकाच कानाला आहे ना. आवाज आला ते समजतं, कुठून आला ते नाही समजत. चारी दिशांना बघत बसतो." हे मला नवीन होतं, पण विचार केला तर उघड आहे. दिशा आपण दोन कानांच्या फरकावरून ओळखतो.

"मग तुम्ही काय करता?"

"समोर जाऊन हात हलवतो."

मी हात हलवून पाहिला. राजा शिडीवर थांबला, मोठ्या गांभीर्यानं मला हात हलवून दाखवला आणि तसाच उभा राहिला. खेळ बंद. म्हणजे हेही नको.

इतक्यात आजी माझ्याजवळ आल्या. हळूच, सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "बाई, ते मशीन नको येऊ देजो फोटोत. सोयरे पायतेत अन् मंग इचारत बसतेत."

सुनेनं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, पण फोन करून बुकिंग करताना तिनं मला मुद्दाम सांगितलं होतं, की मशीन कॉम्प्युटरवर पुसू नका, आधीच्या एकानं न विचारता पुसलं होतं. मी आजींना एवढंच म्हटलं, "घसरगुंडीवर मशीन नसतंच, आजी. तिथले तुमचे." त्यांना हे पटलं. बाकीचे कोणाचे, ते मी बोलले नाही.

सूर्य आता नैऋत्येला, सप्तपर्णीच्या खोडांमागे उतरत होता. घसरगुंडीचं तोंड नेमकं पूर्वेकडे. मी त्या तोंडासमोर तीन मीटरवर मातीत पालथी पडले. पोरांचे फोटो उभ्यानं काढले की डोक्यांचे फोटो निघतात. त्यांच्या डोळ्यांच्या खाली गेलं, तर तीच पोरं उंच आणि शूर दिसतात. या धंद्यात जीन्स गुडघ्यावर आधी फाटते.

आणि मग काहीच केलं नाही, बघत राहिले. माणसं समजतात पळतं पोरगं पकडायला वेगवान कॅमेरा लागतो. लागतो, नाही असं नाही. पण चार वर्षांचं पोरगं खेळायला लागलं की ते कुठंही पळत नाही, ते गोल फिरतं. शिडी, वरचा दांडा, घसरण, खाली उतरल्यावर डावीकडून वळसा, परत शिडी. राजा प्रत्येक वेळी डावीकडूनच वळत होता आणि खाली पोचायच्या जरा आधी दोन्ही हात वर फेकत होता. हाक मारणारं कोणी नसल्यामुळे त्याची फेरी मोडत नव्हती. त्याच्या मागं धावायची गरजच नव्हती, तो माझ्याकडे येणारच होता.

कॅमेऱ्याचा डोळे शोधणारा फोकस अशा वेळी गोंधळतो, कारण सूर्य थेट लेन्समध्ये. मी फोकस हातानं घसरगुंडीच्या काठावर लावला आणि तिथंच सोडला. १३५ एमएमच्या लेन्सनं, तीन मीटर अंतरावरून, लेन्सचं तोंड एफ ४ एवढं उघडं ठेवलं की फोकसची पट्टी, म्हणजे जेवढ्या खोलीत सगळं धारदार दिसतं ती, जेमतेम बारा सेंटिमीटरची असते. पोरगं त्या पट्टीतून सेकंदाला दोन-अडीच मीटरनं जातं. सेकंदाला दहा फ्रेमचा बर्स्ट लावला तरी दोन फ्रेमच्या मधे ते पाव मीटर पुढे सरकलेलं. म्हणजे बटण दाबून धरलं की काम झालं, असं नाही. बारा सेंटिमीटर दोन फ्रेमच्या मधल्या फटीतून सहज निसटतात. त्यापेक्षा त्याचे हात वर गेले की एक क्लिक. शटर १/१०००, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडणारं.

केस मात्र माझ्या हिशोबात नव्हते. आमच्या डिसेंबरची कोरडी हवा, प्लास्टिक, लोकरीचा स्वेटर आणि त्याच्या एकामागून एक फेऱ्या. हळूहळू राजाचे केस उठायला लागले. आधी माथ्यावरचे, मग कानावरचे, मग सगळेच. एकेक केस वेगळा, ताठ, आणि मागून ऊन, त्यामुळे प्रत्येक केसाला सोनेरी कड. त्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता. बारीक कापलेल्या उजव्या बाजूला, जिथं चकती चिकटते तिथं, केसांत रुपयाएवढा चपटा गोल उमटलेला होता. तो फक्त माझ्या लेन्समधून दिसत होता.

"मॅडम, मोठ्या कॅमेऱ्याले परवानगी लागते." डोक्यावर गार्ड उभा. मी पडल्यापडल्याच खिशातून कागद काढून वर धरला. त्यानं तो सगळा वाचला, खालच्या सहीसकट. त्याचंही बरोबर आहे. बागेत दुसऱ्यांची पोरं असतात, त्यांच्या आयांना विचारल्याशिवाय ती फ्रेममध्ये येता कामा नयेत. मला या कारणासाठीही पालथं पडायला आवडतं. खालून बघितलं की मागं आभाळ आणि झाडं येतात, परकी माणसं गळतात.

सूर्य गेला. राजाला आईनं पकडलं, तेव्हा दोघांनाही चटका बसला आणि तो खदखदून हसला. तिनं आधी त्याचा हात लोखंडी बाकाला लावला, मग स्वतःचा, अंगातला भार निघून जावा म्हणून. मग डब्बी उघडली. चकती डोक्याजवळ नेली की आपोआप चिकटते. राजाचे डोळे किंचित बारीक झाले. बागेचा सगळा कलकलाट एकदम आला असणार.

आता उजेड भराभर उतरत होता. १/१००० ची चैन संपली, म्हणून पाळण्याकडे मोर्चा वळवला. पाळण्याचं गणित दयाळू आहे. खालच्या टोकाला त्याचा वेग सर्वांत जास्त. अर्धा मीटर उंचीवरून आला तर सेकंदाला तीन मीटरच्या वर. तिथं १/२५० ला सुद्धा चेहरा सेंटिमीटरभर पुसला जातो. पण दोन्ही टोकांना पाळणा क्षणभर थांबतोच, त्याला इलाज नाही. तिथं १/२५० पुरतं, हात स्थिर असला तर त्याहून कमीही. दोन मीटरची साखळी असेल तर एक पूर्ण झोका पावणेतीन-तीन सेकंदांचा, म्हणजे मनातल्या मनात ठेका धरता येतो. पुढच्या टोकाला चपलांचे तळवे दिसतात. मागच्या टोकाला पोरगं आपल्याकडे झुकलेलं असतं, चेहरा उघडा. मी मागचं टोक धरून बसले. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवत नेला. दाणे आले तर आले, पुसट नाक कोणालाच नको असतं.

हे सगळे फोटो मशीनसकट. आजी बाकावर बसून पाहत होत्या, पण काही म्हणाल्या नाहीत.

शेवटी चकरी. लोखंडाची, गोल फिरणारी. एव्हाना इतका कमी उजेड, की पोरगं गोठवायचा विचारच सोडला. अशा वेळी उलटं करायचं. आपणच पोरासोबत फिरायचं. चकरीवर त्याच्या समोर बसलं की तो आपल्या मानानं जागेवरच असतो, जग फिरतं. ३५ एमएमची लेन्स, १/३० शटर, चेहरा टवटवीत आणि मागची बाग नुसत्या रेघा. मी एक पाय चकरीवर ठेवला तोच गार्ड धावत आला.

"ते लिहिलं हाय बोर्डावर. बारा वर्साच्या वरच्याईनं बसू नये."

मी काही बोलायच्या आत आजी उठल्या. "अन् लेकराले एकट्याले बसवू काय त्याच्यावर? पडला मंग? तू धरशीन?"

गार्डनं माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आजींकडे पाहायचं टाळलं. "एक फेरी," म्हणाला, आणि दांडा धरून त्यानं स्वतःच ढकललं. एक फेरीत काही होत नाही हे त्यालाही समजलं असावं, कारण तो थांबला नाही. राजा ओरडत होता, शब्द नव्हते, पण आवाज चढा आणि सलग. त्याची आई बाहेर उभी राहून तोच आवाज परत करत होती, आणि प्रत्येक फेरीला तो तिला शोधायचा. चकरी फिरत असल्यामुळे ती दर फेरीला आपोआप समोर यायची. दिशा ओळखण्याचा प्रश्नच उरला नाही. जे फोटो सगळ्यात बरे आलेत, ते त्या शोधण्यातले आहेत. त्यात तो कॅमेऱ्याकडे बघत नाही.

घरी येऊन छाटणी केली. घसरगुंडीच्या ढिगातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. पाळण्याचे जास्त, चकरीचे अगदी थोडे. चकरीवर हात हलतोच. मशीन कशातही पुसलं नाही. गॅलरीची लिंक पाठवली आणि सोबत लिहिलं, मोठ्या प्रिंटसाठी घरच्यांनी मिळून निवडावं.

मिळून काही निवडलं गेलं नाही. आईनं चकरीचा घेतला, कानावरचं मशीन अगदी समोर आहे तो. बाबांना पाळण्याचा हवा होता. आजींनी मात्र मुलाच्या फोनवरून मला स्वतः फोन केला. घसरगुंडीचा, हात वर केलेला, बारा बाय अठराचा, फ्रेमसकट, हॉलमध्ये लावायला.

"तो घेतला म्या," त्या म्हणाल्या. "पण पोरी, एवढे पैसे घेतेस, केस तरी इचरून काढायचे होते लेकराचे."