पुढच्या आठवड्यात टोपलीत काय असेल?

इंदूरमधील ज्या घरांना आम्ही आठवड्यातून एकदा सेंद्रिय भाजी पोहोचवतो, त्यांतील बरीच घरे रामबाग, लोकमान्यनगर आणि सुदामानगर या भागांतील मराठी कुटुंबांची आहेत. नवे कुटुंब जोडले गेले, की पहिल्या पंधरा दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: ‘‘ताई, पुढच्या आठवड्यात टोपलीत काय असेल, ते आधी सांगून ठेवाल का? म्हणजे बाकीची भाजी बाजारातून आणता येईल.’’ मागणी रास्त आहे. दुधाचा रतीब लावताना उद्या दूध येईल की ताक, अशी शंका कुणाला येत नाही. मग भाजीच्या बाबतीत ती का असावी? तरीही माझ्याकडून उत्तर जाते ते ‘‘गुरुवारी संध्याकाळी कळवते’’ एवढेच, कारण शुक्रवारी पहाटे तोडणी असते. पुष्कळांना ही टोलवाटोलवी वाटते, म्हणून त्यामागची शेती जरा विस्ताराने सांगते.

आमची जमीन महू तहसिलीत आहे, जेमतेम दोन एकर, आणि माळव्यातील बहुतेक जमिनीसारखी काळी. ‘मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते, पण ती रचणाऱ्याची नजर बहुधा ज्वारी-गव्हावर असावी, भाजीच्या वाफ्यांवर नव्हे. या मातीतील चिकण कण पाण्याने फुगतात आणि वाळताना आकसतात. म्हणून मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच जमीन पाणी धरून बसते. ओल धरण्याचा हा गुण रब्बीत गव्हा-हरभऱ्याला फार उपयोगी पडतो. भाजीपाल्याच्या कोवळ्या मुळांना मात्र पाण्याइतकीच हवाही लागते, आणि मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या, की मिरची, टोमॅटो, कोबी यांची रोपे दोन-तीन दिवसांत माना टाकतात. पाहणाऱ्याला वाटते, रोप सुकले आहे, त्याला पाणी द्यावे. वास्तविक ते पाण्यात उभे असूनच सुकत असते, कारण गुदमरलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत.

सरासरीइतका पाऊस झाला म्हणजे हंगाम चांगला गेला, असा शहरात समज असतो. २०२३चा पावसाळा हा समज दूर करायला पुरेसा आहे. त्या वर्षी हवामान विभागाने देशभरासाठी सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात सुमारे ९४ टक्के पाऊस झाला. अंदाज म्हणून त्याला नावे ठेवायला जागा नाही. परंतु महिन्यांची वाटणी पाहिली, तर जुलैत सरासरीच्या ११३ टक्के, ऑगस्टमध्ये ६४ टक्के आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा ११३ टक्के, असा तो पडला होता, आणि १९०१पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून त्या महिन्याची गणना झाली. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने श्रावणसरींना दोन महिने मोकळे होते. आमचा निज श्रावण मात्र बहुतेक ठिबकवर गेला. मग १९ सप्टेंबरला गणपती बसणार, त्याच्या तीन-चार दिवस आधी पश्चिम मध्य प्रदेशावर असा पाऊस कोसळला, की नर्मदेला पूर आला. विहिरीचे पाणी पुरवून पुरवून जगवलेली मिरची त्या दोन दिवसांत गेली, आणि मांडवावर चढलेली गिलकी, म्हणजे घोसाळी, मात्र टिकली. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला, तेव्हा पालक-कोथिंबीर तोडणीला आलेली होती, तीही चिखलात लोळली. त्या ऑगस्टमध्ये बसून मी सप्टेंबरची यादी केली असती, तर तीत मिरची पहिली असती आणि गिलकीचा कदाचित उल्लेखही नसता.

म्हणून हंगामाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत छापून येणारा आकडा मी वाचते, पण त्यावरून काही ठरवत नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मात्र चुकवत नाही. पाच दिवसांच्या अंदाजावर फवारणी आज करायची की थांबायचे, रोपे वाफ्यात लावायची की ट्रेमध्येच आणखी आठवडाभर ठेवायची, एवढे निर्णय घेता येतात. त्याहून लांबचे घेता येत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, की शेजारच्या रासायनिक शेतावरही हाच पाऊस पडतो. तो पडतोच, फरक दिसतो तो पुढच्या आठवड्यात. पाणी ओसरल्यावर पाने पिवळी पडली, तर शेजारी युरिया देतो आणि थोड्याच दिवसांत पीक हिरवे दिसू लागते. करपा दिसला, तर तो आंतरप्रवाही बुरशीनाशक फवारतो. ते पानात शिरते आणि नंतरच्या सरीने सहसा धुऊन जात नाही. आमच्याकडे बहुतेक नत्र कंपोस्टच्या सेंद्रिय पदार्थांत बांधलेले असते. मातीतील जिवाणूंनी ते मोकळे केल्याशिवाय पिकाला मिळत नाही, आणि पाणी साचून हवा कोंडलेल्या मातीत हे काम मंदावते. त्यातच आधी मोकळे झालेले नत्र काही पाण्याबरोबर खाली झिरपते आणि काही वायुरूपाने उडून जाते. त्यामुळे पिकाला पोषणाची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवसांत पुरवठा तुटतो. निंबोळी अर्काचेही तसेच आहे. पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाण्यासाठी अर्क तयार करायचा, उन्हात त्याचा प्रभाव लवकर जातो म्हणून तो संध्याकाळी फवारायचा आणि रात्री सर आली, की उघडीप मिळताच पुन्हा निंबोळ्या कुटायला बसायचे.

सेंद्रिय शेतीविषयी बोलणारे लोक ही बाजू सांगताना थोडे चाचरतात, असा माझा अनुभव आहे. जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढला, की ती ओल अधिक काळ धरते आणि पावसाची ओढ बरी सोसते, हे मी आमच्या शेतात पाहिले आहे. परंतु सतत पाणी लागल्यानंतर पटकन सावरण्यात सेंद्रिय पीक मागे पडते, हेही मी त्याच शेतात पाहिले आहे, आणि यांतील पहिलीच गोष्ट सांगत राहणे हा प्रचार झाला. ‘‘मग अशा वेळी एकदाच रासायनिक औषध मारले तर काय बिघडते?’’ असेही विचारणारे भेटतात. आम्ही पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धतीच्या, सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या एका स्थानिक गटात आहोत. त्यात शेतकरीच एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात आणि रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे वळण्याचा, म्हणजे रूपांतराचा, काळ पूर्ण झाल्यावरच शेताला पूर्ण सेंद्रिय असा दर्जा मिळतो. एकदा फवारले, तर रूपांतराची वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. शिवाय ज्या घरांनी न फवारलेल्या भाजीचे पैसे आगाऊ दिले आहेत, त्यांना काय सांगायचे, हा प्रश्न प्रमाणपत्राहून मोठा आहे.

कंपोस्टच्या बाबतीत इंदूरच्या माणसाला शिकण्यासाठी गाव सोडावे लागत नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्या साहाय्याने कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि जी पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली, ती इथल्याच, १९२४मध्ये होळकर संस्थानात सुरू झालेल्या कृषी संशोधन संस्थेत. १९३५मध्ये गांधीजी ती पाहून गेले, आणि आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने आणि दोन महिन्यांनी ते पलटायचे. तीन महिन्यांत खत हाती येते, एवढे बहुतेकांना माहीत असते. मला त्या पद्धतीतील सर्वांत मोलाची वाटते ती पावसाळ्याची सूचना: पाऊस सुरू झाला, की खड्ड्यात पाणी साचून कुजणे बिघडते, म्हणून सगळे साहित्य वर काढून जमिनीवर ढीग लावावेत. इथल्या मातीत आणि इथल्या पावसात उभे राहून काम केल्याशिवाय असे सुचत नाही. आमच्याकडे जूनच्या मध्यापर्यंत खड्डे रिकामे होतात.

वाफ्यांचेही तत्त्व तेच. पावसाळी भाजी आम्ही फूटभर उंचीच्या गादीवाफ्यांवर घेतो, मध्ये उताराच्या दिशेने चर ठेवतो आणि वाफ्यांवर गव्हाच्या काडाचे आच्छादन घालतो, म्हणजे जोराच्या पावसाने माती पानांवर उडत नाही आणि तिच्याबरोबर येणारी बुरशीही काहीशी कमी होते. मेथी, पालक, कोथिंबीर ही पिके एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरतो, कारण एखादी पेर पावसात जाणार हे गृहीतच असते. कोणती जाईल ते सांगता येत नाही, म्हणून बियाण्याचा खर्च वाढला तरी सगळ्याच पेरतो. वेलवर्गीय भाज्या मांडवावर, गवार आणि चवळी उंचवट्यावर, आणि कडेला बालोर, म्हणजे वालाच्या शेंगा, व गराडू हा कंद. इंदूरच्या सराफ्यात, जिथे रात्री खाण्याचे ठेले लागतात, थंडीच्या रात्री तळलेला गराडू खाणाऱ्यांनी तो कंद शेतात किती महिने असतो, याचा विचार क्वचितच केला असेल; उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेला हा वेल थंडी पडल्यावर काढणीला येतो, आणि निचरा नीट असेल तर मधल्या पावसाच्या चढउतारांचे त्याला फारसे सोयरसुतक नसते. टोपलीत गराडू वारंवार येतो म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी हेच सांगते.

पाऊस संपल्यावर तरी यादी करता यावी, असे वाटणे साहजिक आहे, पण तेव्हा तापमान मध्ये येते. फुलकोबीचे लवकरचे, मध्यम आणि उशिराचे वाण वेगवेगळ्या तापमानात गड्डा धरतात; ऑक्टोबर अपेक्षेपेक्षा उष्ण गेला, तर मध्यम वाण नुसता पाला वाढवत राहतो आणि ज्या आठवड्यात फ्लॉवर द्यायचा असतो, त्या आठवड्यात पुन्हा मुळाच द्यावा लागतो. उलट कोरड्या, उबदार दिवसांत पांढरी माशी वाढते आणि भेंडीवर केवडा येतो. तो रोग विषाणूचा असल्याने एकदा शिरा पिवळ्या पडल्या, की औषध नसते. रोगट झाडे उपटायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि पुढच्या खेपेस सहनशील वाण घ्यायचा, एवढेच हातात राहते. त्यामुळे ‘भेंडी कधीपर्यंत आहे?’ याचेही उत्तर पांढऱ्या माशीकडेच असते.

या सगळ्यावर आम्ही काढलेला मार्ग शेतीपेक्षा व्यवहाराचा आहे. सभासद घरे तीन महिन्यांचे पैसे आधी देतात. टोपलीचे वजन ठरलेले असते, तीत काय असेल ते ठरलेले नसते, आणि बाजारभाव चढो वा उतरो, टोपलीची रक्कम बदलत नाही. २०२३च्या जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटो शंभर रुपये किलोच्या पलीकडे गेला, तेव्हा अनेकांना हा सौदा फायद्याचा वाटला. हिवाळ्यात पालक मातीमोल झाला, की तोच सौदा महाग वाटू लागतो आणि दोन-चार घरे कमी होतात. त्यांना मी दोष देत नाही. ज्या घरात रोजचा डबा आहे, लहान मुले दोनच भाज्या खातात आणि पाहुण्यांचा राबता आहे, तिथे सलग दोन आठवडे गिलकी पोहोचली तर चिडचिड होणारच, आणि अशा घराने आमच्याकडून भाजी घेऊ नये असे मी स्वतःच सुचवते.

टोमॅटोपुरते उत्तर मात्र मी वर्षभर आधी देऊ शकते: जुलै ते सप्टेंबर तो आमच्याकडे नसतो. उघड्या वाफ्यावर, काळ्या मातीत, बुरशीनाशकाशिवाय पावसाळी टोमॅटो घेण्याचा नाद आम्ही सोडून दिला आहे. ज्यांना साराला टोमॅटोच हवा, त्यांनी या दिवसांत तो कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून घ्यावा. मीही तिथूनच घेते.