सुसोला जायचं तर आधी फोन करा

स्पेनमधल्या लोग्रोन्योला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ठरवलं, सान मिल्यान या 6व्या शतकातल्या एकांतवासी संताची गुहा पाहायचीच. माहिती काढली ती फक्त एसटीसारख्या त्या बसच्या वेळांची. तिथेच चुकलं.

बस सोडते खाली, युसोच्या मठाशी. युसो म्हणजे खालचा, सुसो म्हणजे वरचा, आणि गुहा वर. तिकडे खाजगी गाड्या नेऊ देत नाहीत. युसोहून छोटी बस जाते, खेपेला मोजकीच माणसं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आरक्षण? माझ्याकडे कुठलं! मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये गयावया केली. शेवटी पुढच्या शनिवारचं नाव नोंदवलं आणि परतीच्या बसपर्यंत युसो पाहत बसले.

तिथे मिल्यानच्या अस्थींची पेटी आहे. 11व्या शतकातल्या हस्तिदंती पट्ट्यांवर त्याचं चरित्र कोरलंय. पेटीवरचं सोनं नि रत्नं नेपोलियनच्या सैनिकांनी ओरबाडून नेली. 1053 मध्ये नवाराचा राजा गार्सिया या अस्थी जवळच्या नाहेरा गावाला हलवत होता, तेव्हा गाड्याचे बैल इथे येऊन जे थांबले ते हललेच नाहीत, म्हणून इथे मठ झाला, अशी आख्यायिका.

मिल्यान मुळात मेंढपाळ. बिशप ब्राउलिओने 7व्या शतकात त्याचं चरित्र लिहिलं. त्यात तो फेलिक्स नावाच्या तपस्व्याकडे शिकतो, घराकडे परततो, तर लोकांची रीघ लागते. वैतागून डोंगरात जातो तो जवळजवळ चाळीस वर्षं. मग तिथला तेव्हाचा बिशप त्याला बळेच बेर्थेओ गावच्या चर्चचा पाद्री करतो. हा चर्चचं धन गरिबांना वाटून टाकतो! इतर पाद्र्यांनी तक्रार केली, पद गेलं, स्वारी पुन्हा एकांतात. मला हा भाग फार आवडतो. 574 मध्ये तो वारला तेव्हा वय 101, असं ब्राउलिओ सांगतो.

शनिवारी सुसोला पोचले. डोंगराला चिकटलेलं चर्च, घोड्याच्या नालेसारख्या कमानी, मागे खडकात कोरलेल्या खोल्या. त्यातल्या एकीत काळसर अलाबास्टर दगडात समाधीवर कोरलेला आडवा मिल्यान, 12व्या शतकातला. समाधी रिकामीच, अस्थी तर खाली. तरी सोबतच्या एका आजींनी छातीवर क्रूसाची खूण करून त्याच्या पायांना हात लावला, वाटाड्या काही बोलायच्या आत. मग तो घड्याळाकडे बघत म्हणाला, बस निघतेय.