रचना ओळखा: निगेटिव्ह टेस्ट वाया घालवू नका

सेंद्रिय रसायनशास्त्रात ‘संयुग अ ओळखा’ असा प्रश्न समोर आला की हात लगेच रचना काढायला जातो. तिथेच घोळ होतो. आधी रेणुसूत्राकडून जेवढं काढून घेता येईल तेवढं घ्यावं.

समजा, ‘अ’मध्ये ९ कार्बन, १० हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन आहे. कार्बनची दुप्पट अधिक २ म्हणजे २०. त्यातून हायड्रोजन वजा केले की उरले १०, त्याचे निम्मे ५. ही असंपृक्ततेची संख्या, म्हणजे रेणूत वलयं आणि द्विबंध मिळून किती. (ऑक्सिजन मोजायचा नाही, हॅलोजन हायड्रोजनमध्येच धरायचा, प्रत्येक नायट्रोजनमागे वजाबाकीआधी १ मिळवायचा.) बेंझीन वलयाचे (ते आहे हे शेवटच्या क्लूवरून कळतं) ४ गेले, एक वलय आणि तीन द्विबंध, की १ उरतो.

आता क्लू. २,४-डीएनपीने (डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन) नारिंगी अवक्षेप येतो. टॉलेन टेस्ट (अल्डिहाइड ओळखणारी) निगेटिव्ह. आयोडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पिवळा अवक्षेप, म्हणजे आयोडोफॉर्म. अल्कलाइन पोटॅशियम परमँगनेटबरोबर तापवून नंतर आम्ल घातलं की बेंझोइक ॲसिड.

डीएनपी म्हणजे कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन द्विबंध); उरलेला १ तिथे गेला. टॉलेन निगेटिव्ह, म्हणून अल्डिहाइड बाद, कीटोन नक्की. आता शक्य ते सगळे कीटोन कागदावर मांडा: प्रोपिओफिनोन, फिनाइलॲसिटोन आणि ऑर्थो, मेटा, पॅरा असे तीन मिथाइलॲसिटोफिनोन. पाचच! आयोडोफॉर्मसाठी कार्बोनिलला थेट मिथाइल लागतो, प्रोपिओफिनोनमध्ये तिथे इथाइल आहे. तो गेला. उरले चार.

खरी कसोटी शेवटच्या क्लूमध्ये आहे. बेंझोइक ॲसिड दिसलं की ‘वलयाला एकच कार्बन जोडलेला’ असा अर्थ पुष्कळजण लावतात. तसं नाही. परमँगनेट साखळी कितीही लांब असली तरी वलयाला चिकटलेला कार्बन तेवढा ठेवतं आणि त्याचा कार्बॉक्सिल गट करतं. म्हणून हा क्लू साखळीची लांबी सांगत नाही, साखळ्या किती ते सांगतो. मिथाइलॲसिटोफिनोनला दोन साखळ्या, त्यातून दोन कार्बॉक्सिल गटांचं ॲसिड मिळालं असतं. इथे एकच मिळाला, म्हणून ‘अ’ म्हणजे फिनाइलॲसिटोन. साखळी साधी अल्किल असेल तर हे ऑक्सिडेशन होण्यासाठी वलयालगतच्या कार्बनवर एक तरी हायड्रोजन लागतो. टर्शरी ब्युटाइल बेंझीन त्यामुळेच दाद देत नाही.

फसवणारे क्लू आणखी आहेत. आयोडोफॉर्म फक्त मिथाइल कीटोनचं नाही: इथेनॉल, इथेनाल आणि २-प्रोपेनॉलसारखी अल्कोहोलंही ती टेस्ट देतात. बेंझाल्डिहाइड टॉलेनला पॉझिटिव्ह, पण फेलिंगला (अल्डिहाइडचीच दुसरी टेस्ट) नाही. ‘फेलिंग निगेटिव्ह’ एवढ्यावर अल्डिहाइड खोडू नका. ओझोनोलिसिसमध्ये (ओझोनने द्विबंध तोडताना) एकच उत्पादन मिळालं तर त्यातले कार्बन मोजा. मूळ संयुगाच्या निम्मे असतील तर द्विबंधाच्या दोन्ही बाजू सारख्या, तेवढेच असतील तर द्विबंध वलयात.

उत्तर मिळाल्यावर प्रत्येक अभिक्रिया सुलट लिहून कार्बन जुळवा. फिनाइलॲसिटोनच्या ९ पैकी १ आयोडोफॉर्ममध्ये जातो, ८ सोडियम फिनाइलॲसिटेटमध्ये राहतात.