सी हॉकच्या पोटात दोन पंखे

ईडीएफ जेट, म्हणजे नळीत बसवलेल्या विजेच्या पंख्यावर उडणारं रिमोटचं मॉडेल जेट, करायचं म्हटलं की पोरं आधी पंख्याचा आकार विचारतात. 64 मिमी घेऊ, 70 घेऊ, की एकदम 90? मी उलट विचारतो, उतरवणार कुठे? गोव्यात आपल्याला डांबरी धावपट्टी कोण देणार? आपल्याकडे जागा दोनच, भात कापून झालेली शेतं नाहीतर जांभ्याचे सडे. शेतात ढेकळं आणि धसकटं, सड्यावर लाल खडी. बोटभर चाकांवर जेट पळवायची ही जमीन नव्हे. म्हणजे चाकं नकोत, विमान ताणलेल्या रबराने सोडायचं आणि पोटावर उतरवायचं. हे एकदा ठरलं की निम्मी जेटं यादीतून आपोआप गळतात.

एफ-16 सगळ्यांना हवं असतं. पण त्याचं हवा घेणारं तोंड बरोबर पोटाखाली आहे. शेतात उतरताना ते तोंड माती उपसतच येणार, आणि मिनिटाला 50 हजारांच्या आसपास फिरणाऱ्या पात्याला वाटाण्याएवढा खडा पुरतो. मिग-29 चं दुखणं तेच. खऱ्या मूळ मिग-29 मध्ये जमिनीवर असताना खालची तोंडं झडपांनी बंद होतात आणि इंजिन पंखांच्या मुळावरच्या फटींतून हवा घेतं. रशियनांनी खडबडीत धावपट्ट्यांचा विचार आधीच करून ठेवला होता. मॉडेलात त्या झडपा कोण बसवणार? वास्कोला गेलो आणि दाबोळीचं मिग-29के डोक्यावरून गेलं तर मी आजही स्कूटर बाजूला घेऊन बघत राहतो. पण करायला मी सी हॉक घेतलं, आपल्या नौदलाचं जुनं लढाऊ जेट.

बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक उभं आहे. जाल तेव्हा नाकापाशी फोटो काढून परतू नका, बाजूने बघा. पंख सरळ आहेत, मागे झुकलेले नाहीत, म्हणजे हळू वेगातही विमान हवेत टिकणार आणि टोकाकडून अचानक कोसळणार नाही. हवा घेणारी तोंडं पंखांच्या मुळाशी, दोन्ही कुशींना, जमिनीपासून वर. आणि शेपटीला धुराडंच नाही! आत रोल्स-रॉइस नीन इंजिन एकच, पण त्याची मागची नळी दोन फाट्यांत विभागून पंखामागे दोन्ही बाजूंना बाहेर काढलेली. त्यामुळे मागचं धड रिकामं राहिलं आणि तिथे इंधनाची टाकी बसली. 1971 च्या डिसेंबरात ह्याच जातीची विमानं विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली होती.

मॉडेल करणाऱ्याला हीच दुफाट नळी नडते. एक वाट अशी की 70 मिमीचा एकच पंखा घालायचा आणि हवा सरळ शेपटीतून काढायची. उडेल छान, पण मग ते सी हॉक राहत नाही. दुसरी वाट म्हणजे एकच पंखा आणि मागे फाटा. फाट्याच्या वळणावर हवा भिंत सोडते, भोवरे धरते, आणि विकत घेतलेला जोर तिथेच जिरतो. तिसरी वाट माझी, 50 मिमीचे दोन पंखे, शेजारीशेजारी. प्रत्येकाचं तोंड वेगळं, नळी वेगळी, आणि ती जवळजवळ सरळ. हिशोब करून बघा: 50 चा वर्ग दोनदा घेतला की 5000, 70 चा वर्ग 4900. क्षेत्रफळ तेवढंच! लहान पंख्यात पात्याचं टोक आणि कवच यांच्यातली फट त्या मानाने मोठी पडते, म्हणून थोडा तोटा आहेच. तो मला चालतो, कारण फाट्यातला तोटा त्याहून मोठा.

मी म्हापशात मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो, म्हणून मोटरीच्या केव्हीबद्दल दोन शब्द. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला बिनभाराचे किती फेरे. वेढे कमी आणि तार जाड, की केव्ही वाढते आणि अँपिअरही. स्टार आणि डेल्टा ह्या वेढे जोडायच्या दोन पद्धती; पंपाची मोटर स्टारमध्ये सुरू करून डेल्टात पळवतात हे आमच्याकडे कामाला लागलेला पोरगा सुरुवातीलाच शिकतो. ह्या चिमुकल्या मोटरीतही तोच नियम: तेच वेढे स्टारऐवजी डेल्टात जोडले की केव्ही 1.73 पट. तेव्हा पंखा, मोटर आणि बॅटरी सुटी सुटी उचलू नका. पंखेवाल्याने ज्या जोडीवर जोर मोजून दिलाय तीच जोडी घ्या.

माझे दोन पंखे 4एसवर, म्हणजे चार सेलच्या बॅटरीवर, प्रत्येकी 35-40 अँपिअर ओढतात, म्हणजे दोन्ही मिळून 75 च्या घरात. 3300 एमएएचची बॅटरी पूर्ण थ्रॉटलवर दोन मिनिटं जेमतेम देईल. थ्रॉटल आवरून उडवलं तर चार मिनिटांचा टायमर लावायचा, तो वाजला की उतरायचं. दोन्ही पंख्यांचा जोर मिळून 1.4 किलोच्या आसपास, म्हणून सगळं विमान 1.6 किलोच्या आत बसवायचं ठरवलंय. तारा लांबवायची वेळ आली तर ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारी पेटी) ते मोटर ह्या बाजूच्या लांबवा. बॅटरीकडच्या लांबवल्या की ईएससीतले कपॅसिटर तापून मरतात.

आता नळ्या. खरं विमान तेच आहे, बाहेरचं सगळं कातडं. पंख्याच्या क्षेत्रातून मधल्या 23 मिमीच्या गोळ्याचं क्षेत्र वजा केलं की एका पंख्याला साधारण 15.5 चौरस सेमी उरतं. तोंड निदान तेवढं हवं. मागचं भोक त्याच्या 85 टक्के ठेवलंय, म्हणजे 41 मिमी व्यास. त्याहून आवळलं की पंखा गुदमरतो, सैल सोडलं की हवेला वेग येत नाही. आराखड्यातली तोंडं ह्या हिशोबाने अरुंद पडत होती, म्हणून मी ती थोडी रुंद केली. पोटाला जादा भोकं पाडून हवा घेण्याची सोपी युक्ती असते, पण शेतातल्या भुशासाठी ते आमंत्रणच.

नळीचा साचा थर्माकोलचा. चवथीच्या मखरासाठी तापत्या तारेचा कटर घरात आहेच. त्याने साचा कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, वर ब्राऊन टेप, टेपवर मेण, मग पातळ ग्लास क्लॉथचे दोन थर इपॉक्सीत भिजवून. सुकलं की आत थोडं पेट्रोल, थर्माकोल विरघळून जातो आणि टेप चिमट्याने ओढली की निघते. हे काम उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून. पावसाळ्यात इपॉक्सीवर चिकट मेणचट थर येतो. तो दमट हवेचा परिणाम. साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकवून मगच पुढचा थर द्या, नाहीतर तो धरणार नाही.

तोंडाची कडा धारदार ठेवू नका. उभ्या विमानात पंखा बाजूबाजूची हवाही ओढून घेतो. ती धारदार कडेवरून वळताना सुटते आणि नेमकं सोडतानाच जोर कमी पडतो. कडा गोल हवी. मी एक नळी टेबलाला घट्ट आवळून, पंखा संथ चालवून, कडेपाशी उदबत्ती धरली. वरच्या अंगाला धूर कडेला चिकटून आत वळत होता. खालच्या कोपऱ्यात मात्र आत जाताच फुटून गोल फिरत होता. तिथे फिलर लावला, बोटाने गोलावा दिला, सुकल्यावर 400 चा पॉलिश पेपर मारला आणि पुन्हा उदबत्ती धरली. धूर सुतासारखा सरळ आत गेला. मोठ्या फॅनवर पैसे घालण्याआधी ही उदबत्ती पेटवून बघा.

सोडताना एक गोष्ट लक्षात असू द्या. प्रॉपेलरचा वारा शेपटीवर येतो, म्हणून ते विमान हळू असतानाही एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) ऐकतं. ईडीएफमध्ये तसं नाही, वेग येईपर्यंत स्टिक हलवून उपयोग शून्य. म्हणून रबराची नळी आणि दोरी, वजनाच्या तीन-चार पट ताण, हुक सीजीच्या (विमान तोलून राहतं त्या बिंदूच्या) थोडा पुढे. सुटल्यावर पंख समतल ठेवायचे आणि नाक वर ओढायची घाई करायची नाही. पुतण्या विचारतो, "काका, हातानेच फेकू का?" त्याचा खांदा चांगला आहे, पण पहिल्या खेपेला रबरच.

जागेसाठी डिजिटल स्कायचा, म्हणजे कुठे उडवता येतं ते लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांत दाखवणारा सरकारी नकाशा बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका. एका बाजूला दाबोळीत नौदलाचा आयएनएस हंसा, दुसऱ्या बाजूला मोपा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीत हिरव्या पट्ट्याला 60 मीटरची मर्यादा आहे, त्यापलीकडे 120 ची, आणि लाल-पिवळ्यात परवानगीशिवाय नाही. मी वाळपईकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून ठेवलंय. कापणी झाली की तो कळवणार.

तोवर फ्लॅपचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या फळ्यांचा, निकाल लावायचाय. सरळ पंखाला फ्लॅप शोभतात आणि उतरताना वेग मारतात. पण पोटावर उतरताना खाली आलेला फ्लॅप धसकटात अडकून सर्व्होचे (तो हलवणाऱ्या छोट्या मोटरीचे) दाते तुटायची भीती आहे. जमिनीला टेकायच्या आधी फ्लॅप आपोआप वर घेणारं रिमोटमधलं मिक्सिंग कुणी शेतात वापरून बघितलं असेल, तर किती आधी घेता ते सांगा.