कबूल केलंय ना त्याने, मग तुम्ही कशाला?

‘त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. आता तुम्ही शेजारी बसून काय करणार?’ हा प्रश्न मला पोलिसांनी विचारलाय, वकिलांनी विचारलाय, ओळखीपाळखीच्या लोकांनी तर कितीदा विचारलाय. कधी त्यात कुतूहल असतं, कधी टोमणा. बौद्धिक अक्षमता असलेली, डोक्याला मार लागून आकलन मंदावलेली किंवा स्मृतिभ्रंश सुरू झालेली माणसं गुन्ह्याच्या चौकशीत सापडतात, तेव्हा मी त्यांच्यासोबत बसते. मी त्यांची वकील नसते, नातेवाईकही नसते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात त्या कबुलीपासूनच करू. ज्याला लहानपणापासून लोकांचं बोलणं अर्धंच कळत आलंय, तो जगायची एक रीत शिकतो : समोरचा चिडायच्या आत ‘हो’ म्हणायचं. शाळेत, घरात, कामावर ही रीत चालून जाते. ‘हो’ म्हटलं की प्रश्न थांबतात, लोक खूश होतात. चौकशीच्या खोलीतही तो तेच करतो. 1981 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना एकच गोष्ट दोन उलट बाजूंनी विचारून पाहिली, तर अनेकांनी दोन्ही वेळा होकार दिला. तू आनंदी आहेस का? हो. दुःखी आहेस का? हो. आता ‘आनंदी’च्या जागी ‘तू आत शिरलास का’ घालून बघा.

गिस्ली गुडयॉन्सन या आइसलँडच्या मानसशास्त्रज्ञाने 1984 मध्ये यासाठी एक चाचणी मांडली. आधी एक छोटी गोष्ट ऐकवायची, मग तिच्यावर वीस प्रश्न विचारायचे. त्यातले पंधरा सूचक, म्हणजे गोष्टीत नसलेलं काहीतरी गृहीत धरणारे. पहिली फेरी झाली की गंभीर चेहरा करून सांगायचं, ‘तुमच्या बऱ्याच चुका झाल्यात, आता नीट उत्तरं द्या’, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. किती जण सूचक प्रश्नाला बळी पडतात हे पहिल्या फेरीत दिसतं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी फेरी, नुसत्या नापसंतीने किती उत्तरं फिरतात ते दाखवणारी. मारहाण नको, धमकी नको, एक ‘नीट आठव’ पुरतं.

हे कागदावरचंच वाटत असेल, तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला अर्ल वॉशिंग्टनचा खटला बघा. बुद्ध्यांक 69 च्या आसपास. 1983 मध्ये दुसऱ्याच कारणासाठी पकडला गेला आणि चौकशीत एकामागून एक गुन्हे कबूल करत गेला. बाकीच्या कबुल्या वस्तुस्थितीशी जुळेनात म्हणून सोडून द्याव्या लागल्या, पण बलात्कार आणि खुनाची एक कबुली धरून ठेवली गेली. त्या कबुलीत मारली गेलेली बाई गोरी की काळी हेही त्याने आधी चुकीचं सांगितलं होतं. प्रश्न फिरवून विचारला, उत्तर फिरलं. त्याला फाशीची शिक्षा झाली. 1985 मध्ये ती अवघ्या नऊ दिवसांवर आली असताना थांबली. डीएनए तपासणीनंतर 2000 साली त्याला पूर्ण माफी मिळाली.

लंडनमध्ये 1972 साली एका खुनात तिघांनी कबुली दिली. त्यांतला सर्वांत मोठा अठरा वर्षांचा, त्याला बौद्धिक अक्षमता होती. बाकी दोघे पंधरा आणि चौदा वर्षांचे. खुनाची खरी वेळ वेगळी निघाली, 1975 मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या, चौकशी समिती बसली. पुढे 1984 चा पोलीस अधिकारांचा कायदा आला. अशा माणसाची चौकशी करताना पोलिसांपासून स्वतंत्र असलेली एक प्रौढ व्यक्ती हजर हवी, ही व्यवस्था इंग्लंड-वेल्समध्ये त्या कायद्याच्या नियमांमुळे पक्की झाली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 2019 पासून सरकारी पैशाने चालणारी अशीच सेवा आहे, ती पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सोबत देते. भारतात मात्र चित्र एकतर्फी आहे. लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती दिव्यांग असेल, तर तिचा जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा दुभाष्या हवा आणि त्याचं चित्रीकरण व्हायला हवं, हे 2013 च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. आरोपीसाठी इतकी नेमकी तरतूद नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं बारावं कलम सर्वांना न्याय मिळवण्याचा हक्क देतं, पण हक्क आणि खोलीतली खुर्ची यांत बरंच अंतर असतं. यावर ‘पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे पुरावा धरतच नाहीत, मग काळजी कसली?’ असंही ऐकवलं जातं. धरत नाहीत, खरं आहे. पण त्या कबुलीवरून तपासाची दिशा ठरते, आणि दुसऱ्या कोणाचा शोध तिथेच थांबतो.

आता मी काय करते. उत्तराला मी हात लावत नाही. माझं काम प्रश्नाशी आहे. ‘तू तिकडे गेलाच नव्हतास ना?’ याला कोणी ‘हो’ म्हटलं, तर तो गेला होता की नव्हता? अशा वेळी मी थांबवते आणि प्रश्न सरळ करून मागते. एका वाक्यात तीन प्रश्न असतील तर सुटे करायला लावते. ‘त्या घटनेपूर्वी साधारण किती वेळ’ हे ज्याला घड्याळ कळत नाही त्याला विचारण्यात अर्थ नसतो. ‘जेवणाआधी की नंतर’ हे कळतं. हक्क वाचून दाखवल्यावर ‘समजलं का?’ असं विचारतात. ‘हो’ येणारच. मी म्हणते, त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या. गप्प राहायचा अधिकार ऐकून एक जण मला म्हणाला होता, ‘म्हणजे ते बोलत असताना मी मध्ये बोलायचं नाही.’ चुकीचं कुठे होतं ते? आयुष्यभर त्याला तेवढंच सांगितलं गेलं होतं.

त्यात ही माणसं आपलं न कळणं लपवण्यात पटाईत असतात. ‘चष्मा राहिला’, ‘नंतर वाचतो’, हसून मान डोलावणं, समोरच्याचेच शेवटचे दोन शब्द परत म्हणणं. गप्पांत तरबेज असलेला माणूस पाहून अधिकाऱ्याला वाटतं, याला सगळं कळतंय, हा नाटक करतोय. नाटक असतंच, फक्त उलट्या दिशेचं.

भेटल्याबरोबर मी एक गोष्ट मात्र न चुकता सांगते : ‘काय घडलं ते मला सांगू नकोस, वकिलांना सांग.’ ऐकणाऱ्याला हे तुटक वाटतं. पण वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने गुप्त राहतं, माझ्याशी झालेलं राहीलच असं नाही. इंग्लंडमध्येही सोबतच्या प्रौढाला ते संरक्षण नाही. सोबतीला म्हणून आईला किंवा मोठ्या भावाला बसवायला मी फारशी राजी नसते, तेही थोडं यामुळेच. दुसरं कारण असं की घरचं माणूस घाबरलेलं आणि संतापलेलं असतं, ‘अरे, खरं काय ते सांगून टाक ना’ म्हणतं, आणि हा आईला खूश करायला सांगून टाकतो.

पण चौकशीची खोली हा माझ्या कामाचा लहानसा भाग आहे. उरलेलं सगळं कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते तिथेच जास्त माणसं अडकतात. ‘साक्षीदारांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क ठेवू नये’ ही जामिनाची अट. साक्षीदार कोण, तर रोज भेटणारा मित्र. तो दिसला की हा हात करणार. म्हणून मी ती अट चित्रांत उतरवते : हे घर नाही, हा रस्ता नाही, याचा फोन आला तरी उचलायचा नाही. तारीख कॅलेंडरवर लाल गोल करून दाखवायची, आदल्या संध्याकाळी फोन करायचा, सकाळी पुन्हा करायचा. तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि कागदावर मग तो ‘फरार’ दिसतो. आत गेल्यावर उभं कुठे राहायचं, न्यायाधीश कोण, बोलणारा प्रत्येक माणूस आपल्याला रागावत नसतो, हे आधी रिकाम्या कोर्टात नेऊन दाखवता आलं तर फार फरक पडतो. आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने विश्रांती मागायची. थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो, हा तर आणखीच.

हीच माणसं फिर्यादी म्हणूनही येतात, तेव्हा तोच होकार त्यांच्यावर उलटतो. उलटतपासणीत ‘हे सगळं तू मनाने रचलंस, बरोबर?’ असं ठासून विचारलं की ‘हो’, आणि खटला कोसळतो.

तुमच्या प्रश्नामागचा दुसरा प्रश्नही मला ऐकू येतो : ही गुन्हेगाराला सवलत नाही का? मी ज्यांच्याजवळ बसले त्यांतल्या काहींनी खरोखर गुन्हा केला होता. त्यांना शिक्षा झाली, आणि त्यात माझं काही बिघडलं नाही. नीट विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर वरच्या कोर्टात टिकतं, हे जाणते अधिकारी स्वतःच सांगतात.

खरी धास्ती मला वेगळीच वाटते. आकलन कमी आहे म्हणून ‘खटल्याला सामोरं जाण्यास असमर्थ’ असा शिक्का बसतो, आणि सुटका झाल्यासारखं वाटतं. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आरोपीला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, बौद्धिक अक्षमताही होती. आरोप दोन लुटींचा, मिळून नऊ डॉलरचा. खटला चालवता येत नाही म्हणून त्याला बेमुदत ठेवून घेतलं होतं. तेवढ्या कारणावर असं ठेवता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. तरी ऑस्ट्रेलियात मार्लन नोबलवर 2001 मध्ये आरोप झाला, खटल्यास असमर्थ ठरवून त्याला तुरुंगात ठेवलं आणि दोषी न ठरताच तो 2012 पर्यंत आत राहिला. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने त्याच्या हक्कांचा भंग झाल्याचं म्हटलं. खटल्याला उभं राहता यावं म्हणून लागणारी मदत त्याला मिळालीच नव्हती, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. म्हणून असमर्थतेचा अहवाल हातात आला की मी वकिलांना आधी एवढंच विचारायला सांगते : तपासताना त्याला सोप्या भाषेत समजावणारं कोणी शेजारी होतं का? नसेल, तर त्या माणसासह तपासणी पुन्हा करून मागा.